अलकाताईंचा रिव्हर्स

माझ्याकडे गाडी शिकायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांना गाडी आधीपासूनच येत असायची. शहरातल्या वाचकांना हे पटायचं नाही, पण आमच्या शिरूर-दौंड भागात माणूस ड्रायव्हिंग स्कूलची पायरी चढतो तो लायसन्ससाठी. गाडी तो घरीच शिकलेला असतो. लहानपणी बापाच्या मोटरसायकलच्या टाकीवर बसून हँडल धरलेलं, पाय क्लचला पुरायला लागले की वावरात ट्रॅक्टर हातात आलेला. मग एक दिवस कंपनीत काम लागतं, तिथं लायसन्स मागतात, आणि हा गडी माझ्यासमोर येऊन उभा राहतो. "मास्तर, गाडी येतीया. फकस्त लायसन पायजे." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की कुणी "मला काहीच येत नाही" म्हणालं तर त्याला मी आधी चहा पाजायचो.

धंद्याची सुरुवात मी दौंडला केली, पुढे शिरूरला आलो, आणि आता स्कूल दुसऱ्यांच्या हाती सोपवून घरी बसलोय. बाहेरच्यांसाठी सांगतो, शिकवणाऱ्याची जागा डावीकडे असते. आमच्या पायाखाली जादा क्लच आणि ब्रेक बसवलेला असतो, स्टिअरिंग मात्र नसतं. म्हणजे गाडी थांबवणं आमच्या पायात आणि वळवणं शिकणाऱ्याच्या हातात. अशा जागेवर वर्षानुवर्षं बसलेला माणूस एक तर देवभोळा होतो नाही तर तापट. मी तापट झालो. बायकोचं म्हणणं, "तुम्ही आधीपासूनच तसे होता, उगाच गाडीला दोष देऊ नका."

लायसन्सची परीक्षा तालुक्याच्या गावी परिवहन खात्याचा कॅम्प लागतो तिथं होते. मोटरसायकलवाल्यानं जमिनीवर आखलेल्या आठच्या आकड्यावरून गाडी फिरवायची, पाय टेकवायचा नाही. टेकला की नापास. चारचाकीवाल्यानं बांबू रोवलेल्या चिंचोळ्या जागेत गाडी मागे घ्यायची, म्हणजे आमच्या भाषेत रिव्हर्स मारायचा, मग चढावर थांबून गाडी पुन्हा उचलायची, आणि शेवटी रस्त्यावर थोडी चालवून दाखवायची. यात वाईट काही नाही. कॅम्पला येणारे साहेब लोकही बहुतेक सरळ भेटले. पण मैदान मोकळं असतं, समोरून कुणी येत नसतं, आणि पास झालेला माणूस तासाभरात हायवेला लागलेला असतो. तिथं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय चाललेला, दुभाजकातली फट लांब आहे म्हणून राँग साइडनं येणारी मोटरसायकल, आणि कंटेनरवाल्याला यातलं कुणीच दिसत नाही.

सणसवाडीच्या कारखान्यात काम करणारा बिहारकडचा एक तरुण माझ्याकडे आला होता. दोन-तीन दिवसांत असा गोल, देखणा आठ काढायला लागला की बाकीच्यांना मी तो बघायला उभं केलं. लायसन्स मिळाल्यावर पेढे घेऊन आला आणि अगदी मनापासून विचारलं, "मास्टरजी, ये आठवाला मोड़ रोड पे कहाँ मिलेगा?" मी म्हणालो, "शाम को शिक्रापूर के चौक में जाओ. आठ, नऊ, दहा, सब मिलेगा." तो हसला. मीही हसलो, पण प्रश्न मनात राहून गेला.

रस्ता माणसाच्या अंगात बसतो, हे मला न्हाव्याच्या नव्हे, न्हावरे गावच्या एका आबांनी शिकवलं. सारी हयात मोटरसायकलवर गेलेली, म्हातारपणी मुलानं मोटार घेतली म्हणून हौसेनं शिकायला आलेले. गाडी झकास चालवायचे. पण स्पीडब्रेकर आला की सीटवरून उठून उभे राहायला बघायचे आणि डोकं टपाला आपटायचं. मोटरसायकलवर गचका बसू नये म्हणून पायांवर उठायची सवय. मी ओरडायचो, "आबा, बसा! ही गाडी आहे, घोडा नाही!" आबा म्हणायचे, "मास्तर, मी कुटं उठतोय, बूड आपसूक उठतंय." शेवटी शेवटी ते स्पीडब्रेकर दिसला की एका हातानं पटका दाबून धरायचे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

केंदूरचा विलास हा माझा जुना विद्यार्थी. मोटरसायकलवर त्याच्यासारखा हात मी फार थोड्यांचा पाहिला. त्यानं आठ काढला तेव्हा साहेबांनी नुसती मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं, दुसऱ्यांदा बघायची गरज वाटली नाही. घरच्या मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी बांधून तो रोज सणसवाडीला न्यायचा. तिथं खोल्या करून राहणारे कामगार असतात, त्यांना दारात ताजी भाजी मिळाली की ते दुसरीकडे जात नाहीत.

एका संध्याकाळी परत येताना पुढे उसाचा ट्रॅक्टर होता. मागच्या ट्रॉलीला दिवा नव्हता. ती एकदम समोर दिसली तसा विलास डावीकडे साइडपट्टीवर उतरला. इथवर सगळं बरोबर. पण डांबर साइडपट्टीपेक्षा वीतभर उंच होतं. पुन्हा डांबरावर चढायला त्यानं हँडल हलकंच उजवीकडे घेतलं, पुढचं चाक डांबराच्या कडेला घासत घासत सरकत राहिलं, वर चढेना, आणि गाडी आडवी झाली. मागून येणारा पिकअप त्याच्या पायावरून गेला.

वाचकांपैकी जे मोटरसायकल चालवतात त्यांच्यासाठी थांबून सांगतो. साइडपट्टीवर उतरलात तर घाई करू नका. ब्रेक न दाबता वेग उतरू द्या, जमलं तर थांबा. चढायचंच झालं तर कडेला समांतर घासत चढू नका, थोडं लांब जाऊन कडेला तिरकं, जवळजवळ सरळ भिडा, मग चाक टुणकन वर येतं. हे आठच्या आकड्यात कुठंच नाही. विलासच्या अपघातानंतर मी प्रत्येक मोटरसायकलवाल्याला रस्त्याच्या कडेला नेऊन हे करायला लावलं. लोक कुरकुरायचे, "परीक्षेत हाय का हे?" मी म्हणायचो, "नाही. चढ गप."

विलासचा पाय वाचला, पण सळ्या बसल्या. पायापेक्षा जास्त नुकसान दुसरंच झालं होतं. तो कुठल्याही गाडीत बसायला घाबरायला लागला. दवाखान्यात न्यायचं तर रिक्षाचा दांडा दोन्ही हातांनी धरून, घामानं भिजून, प्रत्येक वळणाला ओरडायचा. पुढेपुढे त्यानं घराबाहेर पडणंच सोडलं.

हे मला कुणी सांगितलं, तर त्याच्या बायकोनं. एका दुपारी ती स्कूलमध्ये आली, खुर्चीवर न बसता उभीच राहिली.

"तुमीच मास्तर का?"

"हो. बसा ना."

"मी विलासरावांची घरवाली, अलका. केंदूरची. ह्यांना तुमीच गाडी शिकवलीती."

मला वाटलं बाई आता बोल लावणार.

"आता मला शिकवा," ती म्हणाली. "ट्रॅक्टर येतोय मला. लगीन झाल्यापसनं चालवतीय. पन चारचाकीचं लायसन पायजे. आन् लवकर पायजे."

लवकर का, तेही तिनं सांगितलं. गावातल्या बायकांच्या बचत गटाला एका योजनेतून भाजी वाहायला छोटा टेम्पो मिळणार होता. अट एकच, चालवणारी गटातलीच बाई हवी आणि तिच्याकडे लायसन्स हवं. अशा टेम्पोला साधं चारचाकीचं लायसन्स चालतं. गटात स्टिअरिंगला कधी हात लावलेली अलकाताई एकटीच. ठरलेल्या मुदतीत लायसन्स दाखवलं नाही तर टेम्पो शेजारच्या गावच्या गटाला जाणार होता.

"टेम्पो आला तर ह्यांचं सणसवाडीचं गिऱ्हाईक परत बांधता यील," ती म्हणाली. "आन् ह्यांना शेजारी बसवता यील. माणूस कोपऱ्यात बसून वाळत चाललाय मास्तर. दुसऱ्या कुनाच्या गाडीत ते बसायचे न्हाईत. माझ्या बसतील."

"हे त्यांनी सांगितलं?"

"न्हाई. मी सांगतीय."

मला त्या क्षणी ही बाई आवडली. ज्या मास्तरच्या हाताखाली शिकलेला नवरा पाय मोडून घरी बसला, त्याच मास्तरकडे ती आली होती. दुसरीकडे जायला तिला कुणी अडवलं नव्हतं.

शिकवायला घेतलं आणि पहिल्या दिवशीच कळलं, मला फारसं कामच नाही. क्लच कसा सोडायचा, चढावर गाडी कशी तोलायची, हे तिला माहीत होतं. रस्त्यावर तर ती माझ्यापेक्षा शांत. राँग साइडनं मोटरसायकल आली की मी पाय उचलून ब्रेककडे न्यायच्या आत तिनं गाडी हळू केलेली असायची, आणि तोंडानं एकच शब्द, "या." जसं काही घरी पाहुणा आलाय. ट्रॅक्टर चालवणाऱ्यांचा हा गुण आहे. त्यांच्या पुढ्यात सारखं कुणी ना कुणी घुसत असतं, त्यामुळे ते चिडत नाहीत.

घोडं अडलं रिव्हर्सला. मोकळ्या मैदानात गाडी मागे घ्यायला सांगितली की बिनचूक. बांबू रोवले की चूक. मागचा भाग डावीकडे न्यायचा असेल तर स्टिअरिंगही डावीकडेच घ्यावं लागतं, एवढी साधी गोष्ट. पण बांबू दिसले की अलकाताईंचे हात नेमके उलटे फिरायचे. मी ओरडलो, समजावलं, कागदावर काढून दाखवलं, तोंडपाठ करून घेतलं. त्या तोंडानं "डावीकडं" म्हणायच्या आणि हात उजवीकडे. मला वाटलं भीती. "घाबरता कशाला?" म्हणालो तर त्यांना राग आला.

"घाबरत न्हाई वो मी! गाडीच येडी हाय तुमची."

कॅम्पचा दिवस उजाडला. आधीची दोन-तीन माणसं झाली, अलकाताईंचा नंबर आला, साहेब डावीकडे बसले. गाडी मागे यायला लागली, हात फिरले उलटे, आणि मागचा बांबू कडाडकन मोडला. घाबरून थांबायच्या ऐवजी त्यांनी चूक सुधारायला स्टिअरिंग अजून त्याच बाजूला पिळलं आणि दुसराही घेतला. मैदानाभोवती उभी असलेली पोरं फिदीफिदी हसली. कुणीतरी ओरडलं, "बैलं जुपा बैलं!" साहेब उतरले आणि शांतपणे म्हणाले, "पुन्हा या." अलकाताई उतरल्या, पदर खोचला, मोडलेले बांबू उचलून कडेला नीट ठेवले आणि थेट एसटी स्टँडकडे चालत गेल्या.

त्यानंतर त्या शिकायला आल्याच नाहीत. पुढचा कॅम्प हा मुदतीच्या आतला शेवटचा होता. मी दोन दिवस वाट पाहिली, रागही आला, चिंताही वाटली, आणि सकाळी स्कूलची गाडी घेऊन केंदूर गाठलं.

घर वस्तीवर होतं. विलास ओसरीत पाय लांब करून बसला होता. मला बघून उठायला लागला, मी बसवलं. किती खंगला होता! मैदानात कॉलर ताठ करून आठ काढणारा हाच तो, हे मला स्वतःला पटवून द्यावं लागलं.

"रानात गेलीया," तो म्हणाला. "कांदा भरून आणतीया. यील आता." मग थोड्या वेळानं, "मास्तर, तिला म्हनावं नको करू हट्ट. लोक हसले म्हनं तिला."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं? मला रस्त्याची गाडी दिसली तरी कसंतरी हुतंय. तिला काय झालं तर?"

तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. मागे कांद्यानं भरलेली ट्रॉली. गोठा आणि कांद्याची चाळ यांच्या मधोमध एक बोळ होता, ट्रॉलीपेक्षा जेमतेम रुंद. अलकाताईंनी मला पाहिलं, मान हलवली, ट्रॅक्टर थोडा पुढे घेतला, मान वळवून मागे बघितलं आणि एका दमात भरलेली ट्रॉली त्या बोळात घातली. कुठंही घासली नाही, पुढे-मागे केलं नाही. मी बघतच राहिलो. आणि मग एकदम मला त्यांचे हात दिसले.

हात उलटे फिरत होते.

मी ओसरीवरच मोठ्यानं हसलो. विलासला वाटलं मास्तरला काहीतरी झालं. मला काय झालं होतं ते सांगतो. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडलेली असते ती एका पिनवर, मधेच दुमडणारी. ट्रॉलीचं बूड डावीकडे न्यायचं असेल तर ट्रॅक्टरचं स्टिअरिंग उजवीकडे घ्यावं लागतं. जोड मधे दुमडतो आणि ट्रॉली उलट बाजूला जाते. भल्या भल्या ड्रायव्हरांना हे जमत नाही, मीही कधी केलेलं नाही. अलकाताई हे इतकी वर्षं करत होत्या की त्यांच्या हातांना वेगळं काही माहीतच नव्हतं. मोकळ्या रानात नुसता ट्रॅक्टर मागे घेताना अडचण नाही. पण अरुंद जागा दिसली, मान मागे वळली की त्यांचे हात समजायचे, आता ट्रॉली घालायचीय. माझ्या बांबूंच्या मधे त्या दर वेळी गाडी नव्हे, मागे नसलेली ट्रॉली घालत होत्या.

मी जवळ जाऊन म्हणालो, "अलकाताई, पिन काढा."

"आँ?"

"ट्रॉली सोडा. आणि नुसता ट्रॅक्टर त्या शेजारच्या बोळात मागं घाला."

त्यांनी पिन काढली. ट्रॅक्टर फिरवून बोळाच्या तोंडाशी आणला, मागे बघितलं, आणि हात उलटे फिरले. चाक वळायला लागलं तशा त्या थबकल्या. मागे बघितलं, हातांकडे बघितलं, पुन्हा मागे बघितलं.

"अग्गं बया," त्या म्हणाल्या. "ट्रॉली न्हाईच की मागं!"

त्या हसायला लागल्या त्या थांबेनात. सीटवर बसून, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ओसरीवरून विलासही हसला. नंतर अलकाताई मला म्हणाल्या की अपघातानंतर त्याला हसताना त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पण अडचण कळली म्हणून ती गेली नाही. सवय मोडून टाका म्हणणं सोपं होतं. पण कांद्याचे दिवस, ट्रॅक्टर त्यांनाच चालवायचा. ट्रॉलीचा हात गेला असता तर घरचं काम अडलं असतं, आणि एवढं कमावलेलं कसब मी कुठल्या तोंडानं पुसून टाकायला सांगू? दोन्ही हात शाबूत ठेवायला हवे होते. उपाय विलासनं काढला. ओसरीवर बसल्या बसल्या तो म्हणाला, "मागं घ्यायच्या आधी तोंडानं म्हनायचं. पिन हाय, का पिन न्हाई. म्हटल्याबिगर हात हलवायचा न्हाई."

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही तेच केलं. ट्रॉली जोडायची, "पिन हाय" म्हणायचं, घालायची. सोडायची, "पिन न्हाई" म्हणायचं, नुसता ट्रॅक्टर घालायचा. मग माझी गाडी. विलास काठी टेकत टेकत उठून बोळाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला आणि तिथून सूचना द्यायला लागला, "अजून ये, अजून, बास!" मी त्याला गप्प करणार होतो, गाडी मागे येत असताना बाहेरून ओरडणारी माणसं मला मुळीच खपत नाहीत. पण तो चालत्या गाडीच्या इतक्या जवळ आपण होऊन आला होता, म्हणून मी तोंड मिटलं.

शेवटच्या कॅम्पला ती पोरं पुन्हा होती. त्यांना रोजगारच तो. मी लांब उभा होतो, मास्तरनं जवळ जायचं नसतं. अलकाताई बसल्या, साहेब बसले, तेच साहेब. मला काचेतून ओठ हललेले दिसले. आत काय झालं ते त्यांनी नंतर सांगितलं.

"काय म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

"काय न्हाई साहेब. पिन न्हाई म्हनले."

"कसली पिन?"

"ट्रॉलीची."

साहेबांनी मागे वळून पाहिलं म्हणे, गाडीला खरंच काही जोडलंय की काय. तोपर्यंत गाडी बांबूंच्या मधे जाऊन उभी होती. मी शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरला होता.

नंतर साहेब त्यांना रस्त्यावर घेऊन गेले. परत आल्यावर मला एवढंच म्हणाले, "बाई ट्रॅक्टर चालवतात का हो? कुणी आडवं आलं तरी चिडत नाहीत." आणि पास केलं. मी त्या माणसाचा आजही ऋणी आहे. पहिल्या वेळी त्यांनी नापास केलं नसतं तर अलकाताई तोच उलटा हात घेऊन सणसवाडीच्या गर्दीत गेल्या असत्या. आमच्या धंद्यात नापास करणाऱ्याला कुणी धन्यवाद देत नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

लायसन्स पोस्टानं आलं, मुदतीत दाखवलं गेलं, टेम्पो केंदूरला आला. गटातल्या बायकांनी त्याला झेंडूच्या माळा एवढ्या घातल्या की अलकाताईंना समोरचं दिसेना, त्या काढून टाकायला लावल्या म्हणे. हे सगळं मला फोनवर कळलं. विलासबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या, "बसत्यात. पन लई घाबरत्यात. वर दांडा हाय तो धरून, डोळे मिटून बसत्यात. शिक्रापूरचा चौक आला का राम राम म्हनत्यात. मी कायबी बोलत न्हाई." मला त्यांच्या आवाजावरून कळलं की टेम्पो मिळाला तरी ज्यासाठी हवा होता ते अजून झालेलं नाही. गाडीची भीती मी घालवू शकतो ती चालवणाऱ्याची. शेजारी बसणाऱ्याची कशी घालवायची, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढे बऱ्याच दिवसांनी एका सकाळी काही कामानं सणसवाडीला गेलो होतो. रात्रपाळी सुटलेली, खोल्यांच्या बोळांत कामगारांची गर्दी, चहाच्या गाड्यांवर मराठी-हिंदी एकदमच चाललेलं. तेवढ्यात ओळखीचा टेम्पो आला. चहाची गाडी आणि पाण्याचे जार वाहणारी गाडी यांच्या मधे एक चिंचोळी जागा होती. दोन-चार पोरं सवयीनं पुढे झाली, "आने दो, आने दो!" अलकाताईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. हात योग्य बाजूला फिरले, टेम्पो अलगद मागे आला आणि उभा राहिला. मी कौतुकानं पुढे झालो, हाक मारायला तोंड उघडलं, तर त्यांनी काचेतूनच ओठांवर बोट ठेवलं.

मी डावीकडच्या सीटकडे बघितलं. विलास काचेला डोकं टेकवून झोपला होता. तोंड उघडं, दोन्ही हात मांडीवर सैल पडलेले. दांडा कुणीच धरलेला नव्हता.

अलकाताई आवाज न करता उतरल्या. दार लावलं नाही, नुसतं लोटलं.

"शिक्रापूरच्या चौकात डोळा लागला," त्या कुजबुजल्या. "तिथंच, मास्तर. येवढे हॉर्न वाजत्यात तिथं. मला आधी वाटलं डोळे मिटून बसलेत नेमागत. मग घोरायला लागले. गिऱ्हाईक वाट बघत आसल म्हून आले, न्हाईतर आजून एक चक्कर मारनार हुते."

बिहारकडच्या बायका पिशव्या घेऊन जमायला लागल्या होत्या. "भाभी, मेथी..." म्हणणाऱ्या प्रत्येकीला त्या बोटानं गप्प करत होत्या, आणि त्या बायाही आत डोकावून, समजून, हळूच जुड्या उचलून घेत होत्या. सगळा बाजार खुणांनी चालला होता.

मी तिथंच उभा राहिलो. इतकी वर्षं मी डावीकडे बसलो, पण पाय ब्रेकपासून लांब ठेवून निवांत बसायचं धाडस मला कधी झालं नाही. आणि इथं ज्याचा पाय रस्त्यानं मोडला तो माणूस, त्याच रस्त्यावर, डावीकडे बसून गाढ झोपला होता. या बाईनं माझ्याकडेच यावं, हे माझं केवढं नशीब! तिला ते सांगावंसं वाटलं, पण डोळे गळायला लागले, म्हणून रुमाल काढून नाकाला लावला.

"मास्तर," अलकाताई दबक्या आवाजात खेकसल्या, "नाक तिकडं लांब जाऊन शिंकरा. उठतील ना ते!"